पार्किंग लॉटमधली हुर्यो

"उसळ हलव रे, खाली लागेल," आई म्हणाली. तिचं स्वतःचं लक्ष मात्र उसळीकडे नव्हतं. वॉल्टच्या पिकअप ट्रकचा मागचा फळा खाली पाडलेला होता आणि पद्माकर सबनीस त्यावर चढायची खटपट करत होता. एक पाय वर, एक पाय खाली आणि मध्ये पोट.

"पद्या, आधी गुडघा टेकव!" आई मराठीत ओरडली. "शाळेत लाकडी घोड्यावरून उडी मारतानासुद्धा असाच अडकायचास."

"काकू, पडलो तर झेला!" तोही मराठीत ओरडला आणि एकदाचा वर चढला. आजूबाजूचे लोक हसले. मराठी कळलं नव्हतं, पण पोट सगळ्यांना दिसत होतं.

ही ओहायोतली गोष्ट. आमच्या शहरात नोव्हेंबरात सरोवरावरून असा वारा येतो की कान आहेत की गेले ते हात लावून बघावं लागतं. तरीही रविवारी आमच्या टीमची मॅच असली की स्टेडियमबाहेरच्या पार्किंग लॉटमध्ये सकाळपासून जत्रा भरते. लोक गाड्यांच्या मागे शेगड्या मांडतात, मांस भाजतात, बिअर पितात. याला टेलगेट म्हणतात. अमेरिकन फुटबॉल मी इथे समजावून सांगत बसणार नाही. त्यात पायाचं काम थोडं आणि डोकी फुटायचं जास्त, एवढं पुरे. टीमचं नावही सांगत नाही, कारण लाज वाटते. त्या वर्षी तोवर आम्ही एकही मॅच जिंकलो नव्हतो.

वॉल्टच्या ट्रकशेजारची जागा वर्षानुवर्षं आमची होती. वॉल्ट म्हणजे गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यातून निवृत्त झालेला, दाराएवढा रुंद माणूस. तो सॉसेज भाजायचा, मी मटकीची उसळ करायचो आणि मग अदलाबदल व्हायची. उसळीनं त्याच्या डोळ्यांतून पाणी यायचं आणि तो आणखी मागायचा.

आणि त्या सगळ्या लवाजम्याची मालकीण म्हणजे माझी आई. इंदूताई, सांगलीच्या मुलींच्या शाळेतल्या निवृत्त पीटी टीचर. खो-खोच्या पोरींना मैदानावर पळवण्यात तिचं आयुष्य गेलं होतं. बाबा गेल्यावर ती माझ्याकडे आली. पहिल्या हिवाळ्यात घरात कोंडून पडली, टीव्हीवर फुटबॉल लागला आणि तिला नवं मैदान मिळालं. इंग्रजी ती त्या खेळाच्या कॉमेंट्रीवरच शिकली. बँकेतल्या बाईचं बोलणं तिला धड कळायचं नाही, पण समालोचक काय म्हणतो यातला शब्द न् शब्द कळायचा. साडीवर टीमचं जॅकेट, पायात बूट, डोक्यावर लोकरी टोपी, असा तिचा अवतार. बचाव कुठून फुटणार हे ती आधी सांगायची आणि ते तिथूनच फुटायचं. तेव्हापासून सगळा पार्किंग लॉट तिला 'कोच' म्हणायचा.

राजकारणावरही तिचं बोलणं खेळातलंच असायचं. ती अमेरिकेची नागरिक झाली होती, शपथ घेताना माझ्यापेक्षा मोठ्यानं बोलली होती आणि एकही मतदान चुकवत नव्हती. "इथली माणसं गंमतच आहेत," ती म्हणायची. "टीम वाईट खेळली तर स्वतःच्या टीमची हुर्यो उडवतात. पक्ष वाईट वागला की मात्र आणखी जोरात टाळ्या. उलटं पाहिजे की नाही?" वॉल्ट रिपब्लिकन, मी डेमोक्रॅट. दोघांनाही ती सारखंच झापायची.

तिची मूत्रपिंडं निकामी झाली तेव्हा मी इंजिनिअर होतो तो कारखाना नुकताच बंद पडला होता. मला पुढे दुसरीकडे नोकरी लागली, पण निम्म्या पगाराची. आठवड्यातून तीनदा डायलिसिस. त्यातून आम्हाला बाहेर काढलं ते पद्यानं. तो भूल देणारा डॉक्टर, सांगलीपासूनचा माझा वर्गमित्र. नववीत त्याची आई गेली, त्यानंतर शाळा संपेपर्यंत त्याचा डबा आमच्या घरून जात होता. आईच्या आजारपणात तो रोज यायचा. सरकारी योजनेतून म्हाताऱ्या नागरिकांचे उपचार होतात हे त्यानंच सांगितलं.

"सरकारच्या पैशावर?" आई तेव्हा म्हणाली होती. "नको बाई. मी कधी कुणाचं काही घेतलं नाही."

"काकू, हक्क आहे तो," पद्या म्हणाला होता. "तुमचा मुलगा इतकी वर्षं टॅक्स भरतोय. लाज कसली त्यात? मी सांगतोय ना!"

पद्या सांगतोय म्हणून ती तयार झाली. मी सांगून झाली नसती.

त्या वर्षी हाच पद्या राज्याच्या विधानसभेला रिपब्लिकन पक्षातर्फे उभा राहिला. माझा पक्ष दुसरा. पण आईनं फर्मान काढलं: "आपला पद्या उभा आहे. तुझा पक्ष ठेव बाजूला. त्याला माणसं गोळा करून दे." मग मी त्याच्यासाठी दारोदार फिरलो. माझ्या पक्षातल्या मित्रांनी मला फितूर ठरवलं, तेही ऐकून घेतलं. मतदानाला दोन दिवस उरले होते आणि पद्या मागे पडत होता. विरोधी उमेदवारानं घरोघरी पत्रकं टाकली होती: 'हा आपल्यातला आहे का?' खाली पद्याचा फोटो, तो मुद्दाम काळपट छापलेला. तेव्हा टेलगेटवर भाषण करायची कल्पना आईचीच. वॉल्टचा ट्रक मी मागून घेतला.

तर पद्या ट्रकवर उभा राहिला. अंगात टीमची जर्सी, तीही आतल्या कोटावर ओढून घातलेली. खाली शे-दीडशे माणसं, हातात बिअर, तोंडातून वाफा. आई पुढेच घडीच्या खुर्चीत बसली होती, मांडीवर ब्लँकेट. तिला पाणी बेतानं प्यावं लागायचं, म्हणून कपातला बर्फाचा खडा तोंडात धरून ती बसली होती.

सुरुवात बरी झाली. पद्यानं टीमवर दोन विनोद केले, लोक हसले. मग तो रस्त्यांवर बोलला, कारखान्यांवर बोलला. लोकांचं लक्ष उडायला लागलं. मागे कुणीतरी ओरडलं, "तू मूळचा कुठला?" आणखी एक जण हसला. पद्याचा चेहरा मला दिसत होता. शाळेत गणिताचे सर फळ्यापाशी बोलवायचे तेव्हा तो असाच व्हायचा.

"मी सांगतो आपली टीम का हरते," तो एकदम मोठ्यानं म्हणाला. सगळं अर्थात इंग्रजीत. "टीमच्या रोस्टरवर जागा अडवून बसलेली माणसं असतात म्हणून! जर्सी घालतात, बेंचवर बसतात, मैदानात एकदाही उतरत नाहीत. आणि त्यांचा पगार कोण देतं? तुम्ही!"

लोक वळले. त्याला ते जाणवलं.

"या देशाचंही तेच झालंय. मी बाहेरून आलो, पण खेळायला आलो. पहिल्या दिवसापासून अंगावर टॅकल खातोय. काही लोक मात्र नुसते बेंचवर बसायला येतात. मी ओळखतो अशा एकाला. शिकलेला इंजिनिअर. दोन गाड्या आहेत, सीझन तिकीट आहे. त्यानं भारतातून म्हातारी आई आणली. तिनं या देशात एक दिवस काम केलेलं नाही, एक दिवस नाही! आणि आज तिचं डायलिसिस चालतं तुमच्या टॅक्सवर!"

"बूऽऽऽ!"

असा आवाज मी स्टेडियममध्ये हजार वेळा ऐकला होता. आमचा चेंडू फेकणारा क्वार्टरबॅक तो हातातून सोडतो तेव्हा निघतो तोच. लोकांनी हात तोंडाशी धरून हुर्यो उडवली. वॉल्टही त्यात होता.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. उसळीचा डाव हातात तसाच धरून मी ट्रककडे निघालो. जाऊन काय करणार होतो ते देव जाणे, पण आईनं मागून माझ्या जॅकेटचं टोक पकडलं.

"बस खाली," ती म्हणाली.

"आई, तो..."

"उसळ लागली बघ. वास येतोय."

खरंच लागली होती. मी गॅस बंद केला. पद्या अजून बोलत होता आणि टाळ्या पडत होत्या. तो खाली उतरला तेव्हा लोक त्याच्या पाठीवर थापा मारत होते. हातात हात देत देत तो आमच्याकडे न बघता पलीकडच्या रांगेतल्या गाड्यांकडे गेला.

वॉल्ट सॉसेजची ताटली घेऊन आला. आईकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, माझ्या हातातल्या डावाकडे बघितलं. शनिवारी आईचं डायलिसिस असतं हे त्याला माहीत होतं, कारण रविवारी ती थकलेली असली की तो तिच्यासाठी जास्तीचं ब्लँकेट आणायचा. त्याच्या डोक्यात प्रकाश पडायला थोडा वेळ लागला, आणि पडला तेव्हा त्याचा चेहरा लालभडक झाला.

"तुमच्याबद्दल नाही, कोच," तो म्हणाला. "तो दुसऱ्या लोकांबद्दल बोलत होता."

आई त्याच्याकडे बघून हसली आणि तिनं ताटली घेतली. मग मला मराठीत विचारलं, "दुसरे म्हणजे कोण रे?"

मी पातेल्यावर झाकण ठेवलं.

"घरी चल," ती म्हणाली.

मॅच सुरूही झाली नव्हती. पावसात, बर्फात, तीस-तीस गुणांनी मागे असताना शेवटची शिट्टी होईपर्यंत बसणारी बाई ती. लवकर उठणाऱ्यांना 'पळपुटे' म्हणायची. मी सामान गाडीत टाकलं. करपलेलं पातेलं तसंच गरम ट्रंकमध्ये ठेवलं आणि खालची चटई जळाली.

गाडीत ती खिडकीबाहेर बघत होती.

"माझ्यावर ओरडले ना रे ते?"

"छे! टीमवर ओरडत होते. त्याच्या त्या इंग्रजीत तुला काहीतरी..."

"श्रीरंग." आई पूर्ण नाव घेऊन थांबली की मी आजही गप्प होतो. "बेंच, रोस्टर, जर्सी. यातलं मला काय कळायचं राहिलं? तुम्हा दोघांना वाटतं म्हातारीला इंग्रजी येत नाही. दुसरं काही बोलला असता तर नसतंच आलं."

पद्याचं तिथेच चुकलं होतं. काकूंसमोर मराठीत बोलायची त्याची जन्माची सवय. इंग्रजी म्हणजे त्याच्या मते तिच्या डोक्यावरून जाणारी भाषा. त्या लोकांना पटावं म्हणून तो त्यांच्या खेळातलं बोलला, आणि नेमकी तीच एक इंग्रजी आईची होती.

संध्याकाळी मी त्याला फोन केला. त्यानं तिसऱ्यांदा उचलला.

"लाज वाटते का तुला?" मी म्हणालो.

"नाव घेतलं का मी?"

"नाव घ्यायचं काय राहिलं होतं? पुढ्यात बसली होती ती! तूच तिला घ्यायला लावलंस ते सगळं. हक्क आहे म्हणून कोण म्हणालं होतं?"

"आहेच हक्क. मी कुठे नाही म्हणतो?" तो थकलेल्या आवाजात म्हणाला. "रंगा, तुला काय माहीत मी काय ऐकतोय रोज. 'मूळचा कुठला?' अरे, तीस वर्षं त्यांना भूल देतोय मी, टेबलावर झोपताना विचारत नाहीत मूळचा कुठला ते! त्यांना दाखवावं लागतं की मी त्यांच्यातला आहे. आणि त्यासाठी... निवडणुकीत बोलावं लागतं यार. मंगळवारनंतर कोण लक्षात ठेवतंय? काकूंना कुठे कळलंय?"

"कळलंय."

 मग तो म्हणाला, "मी येतो. मंगळवार होऊ दे, येऊन पाया पडतो." आणि त्यानं फोन ठेवला. मंगळवार होऊ दे! मी फोनला शिव्या घातल्या. माझी बायको तेव्हा वडिलांच्या आजारपणासाठी पुण्याला होती, त्यामुळे ऐकायला भिंतीच होत्या.

सोमवारी वेगळंच नाटक झालं. माझ्या पक्षाच्या स्थानिक कचेरीतून लिंडा नावाच्या बाईंचा फोन आला. याच बाईंनी पद्यासाठी फिरतो म्हणून महिनाभर मला ओळख दाखवली नव्हती. आता आवाजात साखर होती. पार्किंग लॉटमधली हकिगत त्यांच्या कानावर गेली होती. किती भयंकर, किती अमानुष, आईंना आमचं प्रेम सांगा, आणि आज दुपारी आईंना घेऊन येता येईल का? टीव्हीवाले येतील. दोनच वाक्यं बोलायची. जमलं तर साडीत.

खोटं कशाला बोलू, मला मोह झाला. पद्याला धडा शिकवायची इतकी चांगली संधी पुन्हा मिळाली नसती. मी आईला सांगितलं.

"डायलिसिसची सुई टोचलेली दिसली तर आणखी बरं, असं नाही म्हणाली?" आईनं विचारलं.

"आई, तो हरेल. हरायलाच पाहिजे."

"एकानं मला बेंचवर बसवलं. दुसरीला मी एका खेळीपुरती मैदानात पाहिजे. खेळ झाला की ती तरी विचारणार आहे का मला?" ती मेथी निवडत होती, ती निवडतच राहिली. "सांग तिला, कोच आजारी आहे."

मंगळवारी सकाळी डायलिसिसला जाण्याआधी मी तिला मतदानाला नेलं. चर्चच्या हॉलमध्ये ती पडद्याआड गेली आणि बऱ्याच वेळानं बाहेर आली. जॅकेटवर 'मी मतदान केलं' हा गोल स्टिकर लावून घेतला.

गाडीत बसल्यावर मी विचारलं नव्हतं, तरी ती म्हणाली, "पद्याला दिलं."

मी ब्रेक दाबला. मागच्या गाडीनं भोंगा वाजवला.

"का? कशासाठी?"

"शब्द दिला होता."

"त्यानं तुझी चारचौघांत हुर्यो उडवायला लावली, आणि तू मत दिलंस? अगं हाच तर रोग आहे इथला! आपला तो आपला, मग तो काही का करेना. तूच म्हणायचीस ना, पक्ष वाईट वागला तर टाळ्या नाहीत, हुर्यो पाहिजे?"

"पद्या पक्ष आहे का?" ती म्हणाली. "त्याचा डबा भरलाय मी. पुढे बघून गाडी चालव."

मी माझं मत दुसरीकडे टाकलं होतं. ते वाया गेलं. पद्या निवडून आला, थोड्या मतांनी का होईना. महाराष्ट्र मंडळाच्या ग्रुपवर फटाक्यांची चित्रं उडाली. 'आपला मराठी माणूस' वगैरे. मी मूग गिळून बसलो. आईनं मला त्याचं अभिनंदन करायला लावलं नाही, एवढीच दया.

पुढच्या रविवारी दुपारी तो आला. आमच्या टीमची बाहेरगावी मॅच होती, टीव्ही चालू होता. पद्यानं पेढ्यांचा खोका पुढे केला, वाकून आईच्या पाया पडला. त्याला वाकता येत नव्हतं नीट, पण पडला.

"काकू, तुमचा आशीर्वाद."

"मोठा हो," आई म्हणाली. "बस. श्रीरंग, चहा टाक."

मी हललो नाही. त्याला मी चहा करणार नव्हतो. आईनंही पुन्हा सांगितलं नाही.

पद्या सोफ्याच्या कडेवर बसला. "काकू, ते त्या दिवशीचं... मनावर घेऊ नका. समोर माणसं बघून बोलावं लागतं. माझ्या मनात तसं काही असेल का? तुम्हाला माहितीये."

"माहितीये," आई म्हणाली. "बोललास चांगला. आवाज लांबवर जात होता. शाळेत पुटपुटायचास."

तो मनापासून हसला. सुटल्यासारखा. मला तिथेच त्याच्या तोंडात मारावीशी वाटली.

"पद्या, एक काम आहे तुझ्याकडे."

"बोला ना काकू! आता तर काय, आमदार आहे तुमचा."

"मी सांगलीला जाते. कायमची."

मी ताडकन वळलो. मला यातलं काहीही माहीत नव्हतं.

"आई, काय बोलतेयस?"

"थांब जरा. पद्या, माझ्यासारख्या पेशंटला विमानात घ्यायला डॉक्टरांचं पत्र लागतं म्हणतात. प्रवासाला हरकत नाही असं. डायलिसिसवाल्या डॉक्टरांना विचारलं, तर ते कां-कूं करतात. म्हणतात या वयात, या तब्येतीत, तिथे सोय कशी असेल. तू माझी केस पहिल्यापासून जाणतोस. तू देशील का पत्र?"

"कुठेही जात नाहीस तू," मी म्हणालो. "सांगलीत कोण आहे? तुझ्या भाच्याचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. आठवड्यातून तीनदा कोण खाली-वर करणार आहे तुला? मरायला जायचंय का?"

"तुला नाही विचारलं," ती म्हणाली. तिचे डोळे पद्यावर होते.

आता इथे मला थांबावं लागतं, कारण तो क्षण मी इतक्यांदा पुन्हा पाहिला आहे. टीव्हीवर आमच्या टीमनं पुन्हा चेंडू घालवला होता आणि लोक ओरडत होते. पद्यानं टीव्हीकडे पाहिलं, मग आईकडे. मला वाटलं तो रडणार. तो पेढ्यांच्या खोक्याची दोरी बोटाला गुंडाळत होता.

"तुमच्या मनात असेल तर... शेवटी आपल्या मातीची ओढ असतेच ना, काकू," तो म्हणाला. "तिथे आपली माणसं. मीही कधीकधी विचार करतो. तुम्ही काळजी करू नका, पत्र मी देतो. दोन डायलिसिसच्या मधला दिवस धरू. तारीख ठरली की सांगा, विमानतळावर व्हीलचेअरचं मी बघतो. तिथे एक जण आहे माझ्या ओळखीचा."

त्यानं तिथल्या तिथे पत्र लिहायला घेतलं. पेन त्याच्या खिशातच होतं. लिहिताना तो मान वर न करता तिथल्या हवेबद्दल, कृष्णाकाठच्या वांग्यांबद्दल बोलत होता, आणि त्याच्या आवाजातला तो सुटकेचा सूर मला इतका ऐकू येत होता की कान झाकावेत. आई गेली की आपली गोष्टही गेली, हे त्याला कळलं होतं. मंडळात, पार्किंग लॉटमध्ये, माझ्या घरात त्याला पुन्हा तिच्या नजरेला नजर द्यावी लागणार नव्हती.

सही करून त्यानं कागद तिच्या हातात दिला, पुन्हा पाया पडला आणि गेला. दारात मला म्हणाला, "काकू मोठ्या मनाच्या आहेत रे. तूच उगीच ताणून धरलंस." मी दार लावलं.

त्या पत्राच्या जोरावर ती डिसेंबरात गेली. सांगलीत सुरुवातीला डायलिसिस नीट झालं, मग जिन्यामुळे एक वार चुकला, मग दुसरा. उन्हाळ्यात ती गेली. मंडळानं शोकसभा घेतली. आमदार डॉ. सबनीस बोलले, त्यांनी शाळेतल्या डब्याची आठवण सांगितली आणि लोकांनी डोळे पुसले. मी मागच्या दारानं निघून आलो. त्याच्याशी मी तेव्हापासून बोललेलो नाही आणि बोलणारही नाही. तो पुढे आणखी दोनदा निवडून आला.

पण त्या रविवारी दार लावून मी परत आलो तेव्हा हे सगळं टाळता येईल असं मला वाटत होतं. आई हातात कागद धरून बसली होती. मी तिच्या पायाशी बसलो. म्हणालो, "फाड तो कागद. पुरे झालं आता. त्याला लाज वाटावी म्हणून केलंस ना हे? जायचं थोडंच आहे तुला खरंखुरं?"

"जायचं नव्हतं," ती म्हणाली. "आता जाते."

"का पण?"

तिनं कागदाची घडी घातली. टीव्ही बंद करायला मला खूण केली. मी बंद केला.

"मला वाटलं होतं," आई म्हणाली, "तो नाही म्हणेल."